जुना कॉम्प्रेसर दाब सोडत नसेल तर

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांत हवा भरणे, रेडिएटरच्या जाळीत बसलेला भुसा उडवणे, एअर फिल्टर झाडणे अशा कामांसाठी अनेक शेतकरी बंधू गॅरेजमधून निघालेला जुना कॉम्प्रेसर विकत घेतात. अशा यंत्रांबाबत एक तक्रार हमखास येते. टाकी रिकामी असताना मोटार झोकात सुरू होते आणि टाकी भरली की आपोआप थांबते. मात्र दाब उतरल्यावर पुन्हा सुरू होताना ती नुसती घुमते, पट्टा चिरकतो आणि स्टार्टर पडतो. मोटार गेली असे समजून ती रिवाइंडिंगला नेण्याची घाई करू नये. आधी यंत्र थांबताना कसला आवाज येतो तो ऐकावा.

यंत्राच्या हेडपासून टाकीपर्यंत एक जाड नळी जाते. ती टाकीला मिळते तेथे चेक व्हॉल्व्ह असतो. विहिरीवरील पंपाचा फूट व्हॉल्व्ह जसा पाणी मागे जाऊ देत नाही, तसा हा टाकीतील हवा मागे जाऊ देत नाही. मोटार थांबली तरी जाड नळीत दाबाची हवा कोंडलेली राहते. ती बाहेर सोडण्यासाठी चेक व्हॉल्व्हपासून प्रेशर स्विचकडे एक बारीक नळी नेलेली असते. स्विच मोटार बंद करतो त्याच क्षणी त्याखालील अनलोडर व्हॉल्व्हची पिन दाबली जाते आणि दोन-चार सेकंद "फुस्स" असा आवाज होतो. हा आवाज आला नाही तर पुढच्या वेळी पिस्टनला पहिल्याच फेऱ्यात कोंडलेल्या दाबावर जोर लावावा लागतो.

खेड्यात हा दोष अधिक जाचतो, कारण व्होल्टेज कमी असते. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर हा जोर सुमारे ६० टक्केच उरतो.

दोष शोधताना स्विचची दांडी "बंद" करावी, वीज मुख्य स्विचपासून तोडावी आणि टाकीखालचा कॉक उघडून काटा शून्यावर येऊ द्यावा. दाब असताना एकही नट सैल करू नये. नंतर बारीक नळी स्विचच्या बाजूने काढावी, कॉक बंद करावा आणि यंत्र अर्धा मिनिट चालवावे. नळीच्या तोंडातून हवेचे झोत आले पाहिजेत. येत नसतील तर नळी किंवा चेक व्हॉल्व्हवरील तिचे भोक काजळी-गंजाने बुजले आहे. तारेने मोकळे करावे. झोत येत असतील तर दोष अनलोडरचा. वीज पुन्हा तोडून स्विचचे झाकण काढावे आणि दांडी खालीवर करून पट्टी पिनपर्यंत पोहोचते का ते पाहावे. पिन गंजून अडकली असेल तर अनलोडर बदलणेच बरे.

याउलट, यंत्र थांबल्यावर फुसफुस थांबतच नसेल आणि टाकीचा काटा खाली येत असेल, तर हवा अनलोडरमधून निघत असली तरी दोष त्याचा नसतो. चेक व्हॉल्व्हची चकती बसत नाही आणि टाकीतील हवा मागे येते. पुष्कळ जण येथे फसतात व अनलोडरच बदलून मोकळे होतात. चेक व्हॉल्व्ह खोलून चकतीवरील काजळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी आणि तो पूर्ण वाळवून बसवावा. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. आत राहिलेली त्यांची वाफ गरम, दाबाखालच्या हवेत पेट घेऊ शकते. चकती कडक झाली असेल किंवा तिला खाच पडली असेल तर नवी टाकावी. यंत्र चालू असतानाच स्विचखालून हवा जात असेल, तर मात्र अनलोडरच्या बैठकीत कचरा अडकला आहे असे समजावे.

कधी कधी सर्व भाग ठीक असूनही मोटार घुमते. याचे कारण वीज मध्येच जाण्यात असते. टाकी भरण्याआधी वीज गेली तर प्रेशर स्विच "चालू" स्थितीतच राहतो, त्यामुळे पिन दाबली जात नाही आणि हवा कोंडलेलीच राहते. वीज परत आली की मोटार भाराखाली सुरू होऊ पाहते. म्हणून वीज जाताच स्विचची दांडी "बंद" करावी. फुस्स आवाज येईल. वीज आल्यावर दांडी "चालू" करावी. रोजचे काम थांबवतानाही आधी दांडी, मग मुख्य स्विच हा क्रम ठेवावा.

फुसफुस बंद व्हावी म्हणून बारीक नळी काढून तेथे स्क्रू ठोकलेली यंत्रे बाजारात दिसतात. असा स्क्रू दिसला तर तो दोष किमतीत धरावा. मोटारीला मदत म्हणून पुली हाताने फिरवणे तर बोटे गमावण्याचा धंदा आहे. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नये, आणि प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून बंद होण्याचा दाब वाढवू नये.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. टाकीतील पाणी रोज काढावे. ते गंजाने लाल येत असेल किंवा टाकीच्या तळाला झिरप दिसत असेल, तर टाकी पुन्हा हवेने भरू नये, वेल्डिंगचे ठिगळही लावू नये. गळणारी टाकी बदलावी. नुसता लाल गंज येत असेल तर जाणकाराकडून पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावी आणि मगच वापरावी.