रक्तातील गंधकाचा हिशेब

हैदराबादमधील चार सरकारी प्रसूती रुग्णालयांत जन्मलेल्या १८,३०० बाळांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथील डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्रातील डॉ. राधा रमा देवी आणि एस. एम. नौशाद यांनी ते मांडले होते. जन्मजात थायरॉइड-न्यूनता १,७०० बाळांमागे एकाला आणि अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार २,५७५ बाळांमागे एकाला आढळला. मात्र रक्तात होमोसिस्टीन वाढलेले बाळ दर शंभरांत एक निघाले.

हा तिसरा आकडा विचारात पाडणारा आहे. होमोसिस्टीन अतिशय वाढवणारा होमोसिस्टिन्यूरिया हा आनुवंशिक आजार जगात ढोबळमानाने दोन ते तीन लाखांत एका बाळाला होतो. मग हैदराबादेत शंभरात एक बाळ कोठून आले? या प्रश्नाचे उत्तर केवळ होमोसिस्टीन मोजून मिळत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक गंधकयुक्त पदार्थ मोजावा लागतो आणि दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

गंधकाची वाट

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम गंधक असते. त्याचा मोठा भाग मेथिओनीन आणि सिस्टीन या दोन अमिनो आम्लांच्या रूपाने प्रथिनांत गुंफलेला असतो. मेथिओनीन शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते आहारातील प्रथिनांतून मिळते. पेशींत ते आपला एक छोटा कार्बनगट इतर कामांसाठी देऊन टाकते आणि मागे उरते ते होमोसिस्टीन.

येथून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनीन होते. त्यासाठी ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट लागते. दुसऱ्या वाटेने त्याचे सिस्टीन बनते आणि त्यासाठी ब-६ जीवनसत्त्व व एक विशिष्ट विकर लागते. यांपैकी कोणतीही वाट अडली, तरी होमोसिस्टीन रक्तात साचू लागते.

या पदार्थांची ओळख वैद्यकाला मूत्रातून आणि मुतखड्यांतून झाली. इंग्लंडमधील विल्यम वोलास्टन यांनी १८१० साली मूत्राशयातील खड्यात एक नवा पदार्थ शोधला. मूत्राशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पुढे त्याचे नाव सिस्टीन पडले. होमोसिस्टीनचे वर्णन १९३२ साली अमेरिकेतील व्हिन्सेंट दु विन्यो यांनी केले. जीवरसायनांतील गंधकयुक्त संयुगांवरील कार्यासाठी १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६२ साली बेलफास्ट येथे मतिमंद मुलांच्या मूत्रतपासणीत होमोसिस्टीन सापडले आणि होमोसिस्टिन्यूरियाला नाव मिळाले. या आजारात दुसऱ्या वाटेवरील विकर काम करत नाही. उपचार न झाल्यास डोळ्यातील भिंग जागचे सरकते, रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, हाडे ठिसूळ होतात आणि बौद्धिक वाढ खुंटते.

मोजमापाची अडचण

होमोसिस्टीन मोजणे वाटते तितके सरळ नाही. त्याच्या टोकाशी असलेला गंधकाचा अणू दुसऱ्या गंधकाशी चटकन जोडला जातो. त्यामुळे रक्तद्रवातील बहुतांश होमोसिस्टीन प्रथिनांना चिकटलेले असते, काही स्वतःच्याच किंवा सिस्टीनच्या रेणूशी जोडी करून राहते आणि मोकळे उरते ते जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून प्रयोगशाळेत प्रथम क्षपणकारक रसायन घालून गंधक-गंधक बंध तोडले जातात. त्यानंतर जे मोजले जाते त्याला ‘एकूण होमोसिस्टीन’ म्हणतात. निरोगी प्रौढांत ते साधारणपणे ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर असते.

दुसरी अडचण नमुन्याची आहे. रक्त काढल्यावरही त्यातील तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. नळी खोलीच्या तापमानाला तशीच ठेवली, तर दर तासाला आकडा सुमारे दहा टक्क्यांनी चढतो. म्हणजे निरोगी माणसाचे रक्त केवळ वाट पाहत राहिल्यामुळे रोगी ठरू शकते. त्यासाठी नळी बर्फात ठेवणे आणि तासाभरात रक्तद्रव वेगळा करणे आवश्यक असते. उत्तम यंत्रसुद्धा ही चूक दुरुस्त करू शकत नाही.

यंत्र काय करते

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापी हे रेणूंचे वजन करणारे यंत्र आहे. प्रथम द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून नमुन्यातील पदार्थ वेगळे केले जातात. नंतर ते विद्युतभारित तुषारांच्या रूपाने यंत्रात सोडले जातात. होमोसिस्टीनचे रेणुवस्तुमान १३५. एक प्रोटॉन चिकटून भार आल्यावर ते १३६ होते. यंत्राचा पहिला गाळणीभाग फक्त १३६ वस्तुमानाच्या आयनांना पुढे जाऊ देतो. मधल्या कक्षात वायूच्या रेणूंवर आदळून ते फुटतात. फॉर्मिक आम्लाइतका, म्हणजे ४६ एककांचा, तुकडा निसटतो आणि ९० वस्तुमानाचा अवशेष उरतो. शेवटचा भाग केवळ हे ९० मोजतो. १३६ वस्तुमानाचे अन्य पदार्थ रक्तात असले, तरी त्यांनी याच वेळी नळीतून बाहेर येऊन नेमका असाच तुकडा टाकणे दुर्मीळ असते. एकामागोमाग दोनदा वजन करणाऱ्या या पद्धतीला टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात.

प्रमाण निश्चित करण्यासाठी एक युक्ती वापरतात. होमोसिस्टीनच्या चार हायड्रोजन अणूंऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, असलेला पदार्थ मोजून-मापून नमुन्यात आधीच मिसळला जातो. रासायनिक वागणुकीत तो जुळ्या भावासारखा, पण वजनाने चार एकके जड. यंत्रात तो १४० वर दिसतो आणि फुटल्यावर ९४ वर. प्रक्रियेत नमुन्याचा काही अंश वाया गेला, तरी दोघांचेही नुकसान सारखेच होते. त्यामुळे ९० आणि ९४ या दोन संकेतांच्या गुणोत्तरावरून मूळ प्रमाण काढता येते.

दोन आकड्यांचे वाचन

हैदराबादच्या प्रश्नाचे उत्तर येथे दिसू लागते. दुसरी वाट आनुवंशिक दोषामुळे अडली, तर साचलेले होमोसिस्टीन पहिल्या वाटेने परत फिरते आणि मेथिओनीनही वाढते. उलट ब-१२ किंवा फोलेट कमी असल्यास पहिली वाटच अडते. मग होमोसिस्टीन वाढते, पण मेथिओनीन सामान्य किंवा कमी राहते. होमोसिस्टीनचा आकडा दोन्ही प्रकारांत चढलेलाच असतो. भेद सांगतो तो मेथिओनीन.

शंभरात एक हे प्रमाण दुर्मीळ आनुवंशिक दोषाने समजावता येत नाही. म्हणून संशय आईच्या पोषणाकडे वळतो, कारण बाळाचा ब-१२चा साठा आईकडूनच येतो. या संशयाला बळ देणारी माहिती पुण्यात मिळाली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५च्या वर होते. शहरी मध्यमवर्गात हेच आकडे अनुक्रमे ८१ आणि ७९ टक्के होते. जेथे पाचांपैकी चौघांचा आकडा मर्यादेबाहेर आहे, तेथे तो आकडा एकटा कोणताही दुर्मीळ आजार सिद्ध करू शकत नाही.

भेद चुकला तर उपचारही चुकतो. आनुवंशिक आजारात मेथिओनीन कमी असलेला विशेष आहार, बीटेन हे औषध आणि ज्यांना लागू पडते त्यांना मोठ्या मात्रेत ब-६ द्यावे लागते, तेही आयुष्यभर. पोषणजन्य प्रकारात ब-१२ पुरते. तेथे ब-१२ न तपासता नुसते फोलेट दिल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

गोमंतकीयांना हा विषय परका नाही. नवजात बाळांच्या चयापचय विकारांची तपासणी २००८ साली सरकारी पातळीवर सुरू करणारे गोवा हे देशातील पहिले राज्य होते. टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या अशा तपासणीत टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर सुकवले जातात. नेहमीच्या पहिल्या फेरीत त्यातील मेथिओनीन मोजले जाते, होमोसिस्टीन नव्हे. म्हणून केवळ मेथिओनीन सामान्य आल्याने ब-१२ची कमतरता नाही, असा अर्थ निघत नाही. आईने गरोदरपणातच आपले ब-१२ तपासून घेणे हा अधिक सोपा मार्ग आहे. तिसऱ्या, कालवे, मासळी आणि अंडी यांतून हे जीवनसत्त्व चांगले मिळते. शाकाहारी घरांत दूध-दही हाच प्रमुख आधार असतो आणि तो अपुरा पडल्यास वैद्यकीय सल्ल्याने गोळी घ्यावी लागते.

प्रौढांनी मात्र या चाचणीकडून भलती अपेक्षा ठेवू नये. वाढलेले होमोसिस्टीन आणि हृदयविकार यांचा संबंध अनेक निरीक्षणांत दिसला आहे. तरीही २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या दुखण्यांतही ते वाढते. अहवालात १५च्या वरचा आकडा दिसला, तर आधी नमुना कसा हाताळला गेला हे विचारावे, ब-१२ आणि फोलेट पाहावे, आणि रुग्ण लहान मूल असल्यास किंवा आकडा फार मोठा असल्यास मेथिओनीनची मागणी करावी.