लांब पल्ल्याच्या लक्ष्य नेमबाजीतील काडतुसाची निवड

लांब पल्ल्याच्या लक्ष्य नेमबाजीत साधारणपणे ६०० ते १००० यार्ड (सुमारे ५५० ते ९१४ मीटर) अंतरावरील स्थिर लक्ष्यावर रायफलीने नेम साधला जातो. पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी या चार घटकांपासून काडतूस बनते. या क्रीडाप्रकारात काडतुसाची निवड स्पर्धेचे नियम, गोळीचे हवेतील वर्तन, रायफलीचा धक्का, नळीचे आयुष्य आणि खर्च यांचा एकत्रित विचार करून केली जाते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १८६० साली विम्बल्डन येथे क्वीन्स प्राइझ स्पर्धा सुरू झाली. १८९० पासून ती बिस्ली येथे भरते. अमेरिकेत न्यू यॉर्कजवळील क्रीडमूर येथे १८७४ साली अमेरिका व आयर्लंड यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला व अमेरिकी संघ केवळ तीन गुणांनी विजयी ठरला. पुढे १८७६ मध्ये पाल्मा चषक स्पर्धा सुरू झाली. दिल्ली येथील २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांतही फुलबोअर नेमबाजीचा समावेश होता.

स्पर्धेचे नियम

निवडीची पहिली मर्यादा नियमांनी ठरते. एफ-क्लास प्रकाराच्या एफ-टीआर विभागात केवळ .२२३ रेमिंग्टन व .३०८ विंचेस्टर ही काडतुसे चालतात. एफ-ओपन विभागात ८ मिलिमीटरपर्यंतच्या कोणत्याही कॅलिबरला मुभा असते. त्यामुळे .३३८ लापुआ मॅग्नमसारखे दूरवर मारा करणारे काडतूस या स्पर्धेत वापरता येत नाही.

गुरुत्वाकर्षण आणि वारा

नळीतून बाहेर पडताच गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. अंतर ठाऊक असल्यास ही घट आधी मोजून दर्शिकेत तेवढी दुरुस्ती करता येते. वाऱ्याचे तसे नसते. गोळीला १००० यार्ड पार करण्यास साधारण दीड ते पावणेदोन सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत वाऱ्याचा वेग व दिशा मार्गातील निरनिराळ्या ठिकाणी वेगवेगळी असू शकते. म्हणून वाऱ्याने कमी ढळणारी गोळी निवडणे हा या निवडीचा गाभा मानला जातो.

हवेचा अवरोध भेदण्याची गोळीची क्षमता बॅलिस्टिक गुणांकाने दर्शवली जाते. वजनाच्या मानाने बारीक, लांब व निमुळत्या गोळीचा गुणांक अधिक असतो. अशी लांब गोळी स्थिर फिरत राहावी यासाठी नळीतील पीळ पुरेसा जलद असावा लागतो. तसेच गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपर्यंत उतरला की तिची स्थिरता बिघडू शकते. त्यामुळे लक्ष्यापर्यंत गोळी स्वनातीत राहील असे काडतूस पसंत केले जाते.

दोन काडतुसांची तुलना

.३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली बाजारात आले. त्याची १७५ ग्रेन (सुमारे ११.३ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला साधारण ७९० मीटर वेगाने सुटते आणि १००० यार्डांच्या सुमारास ध्वनीच्या वेगाजवळ येते. ६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नेडी कंपनीने २००७ साली आणले. त्याचे नाव वरील क्रीडमूर मैदानावरून पडले आहे. त्याची १४० ग्रेनची (सुमारे ९.१ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते व १००० यार्डांपलीकडेही स्वनातीत राहते. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात पहिली गोळी १००० यार्डांवर दोन मीटरांहून अधिक ढळते, तर दुसरी त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश. दुसरीचा धक्काही कमी असतो.

धक्का, नळी आणि खर्च

.३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी अधिक दारूची काडतुसे वेग वाढवतात, परंतु त्यांचा धक्का मोठा असतो. दीर्घ स्पर्धेत त्याने नेमबाज थकतो व चाप ओढण्यातील एकसारखेपणा ढळतो. अरुंद नळीत अधिक दारू जळाल्यास नळीचा आरंभीचा भाग लवकर झिजतो. .३०८ ची नळी सामान्यतः ५,००० वा अधिक फैरी अचूक राहते; ६.५ क्रीडमूरची सुमारे २,००० ते ३,०००, तर ६.५-२८४ नॉर्माची बहुधा १,५०० च्या आतच निकामी होते. म्हणजेच वाऱ्याविरुद्ध मिळालेल्या लाभाची किंमत नळी बदलून मोजावी लागते.

एकसारखेपणा

लांब पल्ल्यावर प्रत्येक काडतुसाचा आरंभीचा वेग जवळजवळ समान असणे आवश्यक असते. अन्यथा नेम अचूक असूनही गोळ्या लक्ष्यावर वरखाली विखुरतात. दर्जेदार पुंगळ्या व गोळ्या सातत्याने मिळणे हाही म्हणूनच निवडीचा निकष ठरतो. नवशिक्यासाठी सहज उपलब्ध व दीर्घकाळ नळी टिकवणारे काडतूस अधिक उपयुक्त ठरते, कारण वारा ओळखण्याचे कौशल्य सरावानेच येते आणि सरावासाठी फैरी लागतात. भारतात अशा रायफली व काडतुसे बाळगण्यावर शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियम लागू होतात.