पाय बरा झाला, मग झोप का येत नाही?

आमच्या वस्तीतल्या एका ताईंना दोन वर्षांपूर्वी टेम्पोने उडवले. पाय मोडला, प्लास्टर झाले, पाय बरा झाला. पण आजही हॉर्न वाजला की त्यांच्या छातीत धस्स होते. रात्री दचकून उठतात, रस्ता ओलांडायचा म्हटले की हात थरथरतात. घरचे म्हणतात, "आता काय झालंय तुला? मन घट्ट कर." शेजारणीने दृष्टही काढून पाहिली. (हे आपल्याला शोभत नाही, असे आम्ही सांगून पाहिले.)

ताईंचे घर मोठ्या रस्त्याला लागून आहे. रात्रभर ट्रकचा आवाज. सामायिक संडासाकडे जाणाऱ्या बोळात दिवा नाही, कोपऱ्यावर दारू पिऊन बसलेली पोरे. पावसाळ्यात घरात पाणी शिरते. दारावर घर पाडायची नोटीस. अशा जागी मनाने धोका संपला असे मानायचे तरी कसे?

आपल्या मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, अमिग्डाला तिचे नाव. धोका दिसला की ती घंटा वाजवते. कपाळामागचा मेंदूचा भाग परिस्थिती तपासतो आणि घाबरण्यासारखे काही नसेल तर घंटा थांबवतो. मोठ्या आघातानंतर हे काम काही दिवस बिघडणे साहजिक आहे. बहुतेकांचे ते हळूहळू सुधारते. त्यासाठी झोप लागते, सुरक्षितता लागते, थोडी उसंत लागते. वस्तीत नेमके तेच मिळत नाही.

अमेरिकेत यावर बराच अभ्यास झाला आहे. 'ऑरोरा' नावाच्या मोठ्या संशोधनात, अपघात किंवा हल्ल्यानंतर ७२ तासांच्या आत रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या लोकांना सहभागी करून घेतले गेले. बहुतेक जण वाहन अपघातातले. पुढे काहींच्या मेंदूचे एमआरआय काढले. त्यासोबत प्रत्येकाचा मोहल्ला कसा आहे हेही मोजले: तिथले उत्पन्न, शिक्षण, रोजगार, घरांची अवस्था. काळ्या आणि गोऱ्या रुग्णांचा मेंदू शांत पडलेला असताना जो फरक दिसला, त्यात कमाई आणि राहत्या जागेच्या अभावाचा वाटा निघाला.

त्याआधी, २०१९ साली, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या तरुणांचाही असा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे काळ्या तरुणांच्या मेंदूचा धोक्याला प्रतिसाद गोऱ्यांपेक्षा मंद होता. म्हणजे घंटा सतत वाजतच राहते असे नाही, काहींची बोथटही होते. या फरकाचा मोठा भाग लहानपणी पाहिलेली हिंसा, घरची कमाई आणि मोहल्ल्याची अवस्था यांतून समजत होता.

आम्हाला यातले महत्त्वाचे वाटते ते हे की फरक जन्माचा नाही. माणसाला जिथे ठेवले, तिथला आहे. आणि ठेवले हाच शब्द बरोबर आहे. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले. काळ्यांच्या मोहल्ल्यांना लाल रंग दिला, आणि लाल रंगाला कर्ज नाही. गावकुसाबाहेर कोण राहणार हे ठरवलेल्या समाजाला हे वेगळे समजवावे लागत नाही.

जागा बदलली तर मनही सुधारते का? १९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत गरीब कुटुंबांना सोडत पद्धतीने बऱ्या भागात घर घेण्यासाठी मदत दिली. दहा-पंधरा वर्षांनी पाहिले तर मोठ्यांची कमाई फारशी वाढली नव्हती, पण मानसिक आरोग्य सुधारले होते. फिलाडेल्फियात तर घरेही बदलली नाहीत. ओसाड, कचऱ्याने भरलेल्या जागा साफ करून गवत आणि थोडी झाडे लावली. तशा जागांजवळ राहणाऱ्यांत उदास वाटण्याचे प्रमाण, साफ न केलेल्या जागांजवळच्या लोकांच्या तुलनेत, ४१ टक्क्यांहून जास्त घटले. एवढ्याशा कामाने!

म्हणून घरातल्या कुणाला आघातानंतर महिनाभराहून जास्त काळ तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल किंवा ती जागा टाळली जात असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. दारूने झोप लागते असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. दारू झोप बिघडवते. यावर बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर गोळ्याही आहेत. जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. 'टेली मानस' या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येते, रात्रीही लागतो. जीव नकोसा वाटण्याची भाषा कुणी केली तर त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

ताईंनी मागच्या महिन्यात तो फोन लावला. पहिल्यांदा नुसत्या रडल्या, दुसऱ्यांदा बोलल्या. आता दर पंधरवड्याला रुग्णालयात जातात, सोबत सासूबाई असतात. बोळातल्या दिव्यासाठी महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आहे. दिवा अजून लागलेला नाही. पोचपावती आम्ही जपून ठेवली आहे, आणि सोमवारी पुन्हा जाणार आहोत.