आवाज थांबल्यानंतर
स्किझोफ्रेनियात औषधांनी कानातले आवाज, संशय बऱ्याच जणांचे कमी होतात. पण उठून आंघोळ करावी, कुणाशी बोलावं, ही उमेद गोळ्यांनी सहसा परतत नाही. घरचे त्याला आळस म्हणतात. तो आजाराचाच भाग आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, तेव्हा तीही तपासणी हवी. त्यापुढे लागतं ते साधंच: झेपेल एवढं काम, हातात स्वतःचे चार पैसे, चहाला सोबत. बरं वाटू लागलेला माणूस केवळ न्यायला कुणी येत नाही म्हणून वॉर्डात अडकून राहतो, हे मला सर्वांत बोचतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार घर नाही किंवा घरच्यांनी नाकारलं, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही.