वजन उचलताना पायांत काय असावे?

येथे रायपुरात सायंकाळी कोणत्याही व्यायामशाळेत डोकवावे, तर धावण्याचे मऊ बूट घालून खांद्यावर भारी दांडी घेतलेले तरुण हमखास दिसतात. धावण्याचा हादरा जिरावा म्हणून त्या बुटाचा तळ मुद्दाम मऊ केलेला असतो. वजनाखाली तोच गुण अवगुण ठरतो. तळ दबतो, घोटा डळमळतो आणि त्याची झळ गुडघ्याला व कमरेला पोहोचते.

तालमीतील मल्ल अनवाणी बैठका मारतात, ते उगाच नव्हे. बैठकीत टाचा उचलतात, तोल चवड्यांवर येतो. तेथे बोटांना माती धरता आली पाहिजे. दांडी घेतली की टाच टेकलेलीच हवी. घोटा पुरेसा वाकला नाही, तर खोल बसताना पाठ पुढे झुकते. म्हणून भारोत्तोलकाच्या बुटाला सुमारे २ सेंटिमीटर उंचीची कठीण टाच असते. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे सांगलीच्या संकेत सरगर यांनी १३५ किलो डोक्यावर पेलून रौप्यपदक मिळविले. एवढ्या भाराखाली तळ तसूभरही दबून चालत नाही.

जमिनीवरून नुसते कमरेपर्यंत वजन उचलावयाचे, तर पातळ, सपाट तळाचा साधा कॅनव्हासचा बूट पुरे. तो स्वस्तही पडतो! दुकानात तळ अंगठ्याने दाबून पाहावा. सहज दबला, तर तो जोड धावणाऱ्यांसाठी ठेवावा.