झाडास कुऱ्हाड लावण्यापूर्वीं

आजोबानें लावावें व नातवानें फळ खावें, ही आंब्याफणसाची रीत. म्हणूनच अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या 'आज्ञापत्रां'त आरमाराच्या लांकडासाठीं रयतेच्या आंब्याफणसास हात लावूं नये, एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेंच असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन मगच तें तोडावें, असा दंडक घालून दिलेला आहे. त्या काळीं सत्तेनें झाडाच्या धन्यास विचारावें असा नियम होता. आतां धन्यानें सत्तेस विचारावें असा आहे. हा पालट रुचो वा न रुचो, तो जाणून घेतल्यावांचून कुऱ्हाड उचलणें शहाणपणाचें नव्हे. हें आम्ही स्वतः ठेंच खाऊन शिकलों आहों.

आमची सारी नोकरी महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. दुसऱ्यांच्या सात-बाऱ्यावरील नोंदी तपासतां तपासतां डोळे अधू झाले. आमच्या मळ्याच्या बांधावर आजोबांनीं लावलेली चिंच आहे. तिच्या सावलीनें रब्बीचें पीक खुरटतें, म्हणून दर दोन-चार वर्षांनीं आम्ही तिच्या फांद्या छाटीत असूं. मध्यंतरीं आमच्या गावाची नगरपंचायत झाली. घरपट्टीची पावती नव्या नांवानें येऊं लागली, तिकडे लक्ष गेलें. परंतु बांधावरची चिंचही नव्या हद्दींत गेली, हें ध्यानांत आलें नाहीं. नेहमीप्रमाणें दोन लांकूडतोडे बोलाविले. दुपारपर्यंत तीन मोठ्या फांद्या खालीं आल्या, आणि तोंच पंचनाम्याचे कागद घेऊन नगरपंचायतीचीं माणसें बांधावर उभीं राहिलीं.

"जमीन आमची, सात-बारा आमच्या नांवें, आणि झाड तोडलें कोठें? फांद्याच तर छाटल्या," असें आम्ही मोठ्या तोऱ्यानें बोललों. उत्तरादाखल त्यांनीं कायद्याचें पान पुढें केलें. 1975 सालचा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचें संरक्षण व जतन कायदा महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या हद्दींत चालतो. जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीवांचून तींतील झाड तोडतां येत नाहीं. आणि तोडणें या शब्दांत जाळणें, कापणें व झाडास कोणत्याही प्रकारें इजा करणें, हें सारें येतें. आम्हांस दंड भरावा लागला. लांकूडतोड्यांचे दोन दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर गेले; त्यांची मजुरीही आम्हींच दिली. परंतु खरें दुःख निराळेंच. घाईनें बुंध्याला लागून छाटलेल्या जागीं पाणी मुरलें, आणि आजोबांच्या चिंचेची एक बाजू वठली. रीतसर अर्ज केला असता तर पाहणीस आलेल्या माणसानें कोणती फांदी काढावी व कोणती राखावी, एवढें तरी सांगितलें असतें.

म्हणून वाचकांस आमचें पहिलें सांगणें असें कीं, झाड कोणाचें हा प्रश्न मागाहून. झाड कोणाच्या हद्दींत आहे, हा प्रश्न आधीं विचारावा. सात-बारा तोच राहतो, गट क्रमांक तोच राहतो, बांधही तोच राहतो; परंतु हद्द सरकली कीं कायदा बदलतो. पुणें महानगरपालिकेंत 2017 सालीं 11 गांवें आलीं व 2021 सालीं आणखी 23 आलीं. पुढें 2024 सालीं त्यांतील उरुळी देवाची व फुरसुंगी हीं दोन गांवें पुन्हां वेगळीं काढून त्यांची नगरपरिषद करण्यांत आली. म्हणजे सातएक वर्षांत तेथल्या एकाच आंब्यानें तीन कचेऱ्या पाहिल्या. मोठ्या शहरांच्या भोंवतालच्या शेतकऱ्यानें तरी गतसालच्या माहितीवर विसंबूं नये.

गांव हद्दीबाहेर असेल तर 1964 सालचा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा पाहावा. त्याच्या अनुसूचींत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू यांसारख्या झाडांचीं नांवें आहेत. अशा झाडासाठीं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. थोडक्यांत, गांवांत आधीं झाडाची जात पाहावी लागते. शहरांत कोणतेंही झाड असलें तरी विचारावें लागतें. शिवाय ओढ्यानाल्यांच्या कांठच्या झाडांस महसूल नियमांचे निराळे निर्बंध आहेत. तोडलेलें लांकूड गाडींत घालून नेण्यास लागणारा वाहतूक परवाना हाही तोडीच्या परवानगीहून वेगळा असतो, हें विसरूं नये.

शहरी कायद्यांत 2021 सालीं झालेली दुरुस्तीही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास आतां वारसा वृक्ष म्हणतात, आणि तोडावयाच्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावण्याची अट त्या दुरुस्तीनें घातली. आजोबांनीं लावलेलें बहुतेक झाड या पन्नाशींत बसतेंच.

आतां अर्जाविषयीं दोन शब्द, कारण कागदाच्या कामांत आमचे केस पिकले आहेत. अर्जांत गट क्रमांक, झाडाची जात, संख्या, छातीइतक्या उंचीवरील बुंध्याचा घेर व तोडण्याचें वा छाटण्याचें कारण स्पष्ट लिहावें. सोबत सात-बाऱ्याचा उतारा, साधा नकाशा व झाडाचें छायाचित्र जोडावें. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. अर्ज देतांच आवक क्रमांकासह पोच मागावी. शहरी हद्दींत झाडावर नोटीस लागते, हरकती मागवितात, स्थळपाहणी होते; यांस आठवडे लागतात. पावसाळ्यापूर्वीं काम उरकावयाचें तर पौष-माघांतच अर्ज द्यावा. परवानगी हातीं आल्यावरही हुकमांतील मुदत व अटी वाचल्यावांचून कुऱ्हाड लावूं नये. "साहेब तोंडीं हो म्हणाले" या वाक्यास कचेरींत किंमत नाहीं. त्याचप्रमाणें उभीं झाडें विकत घेणारा व्यापारी "परवानगीचें आमचें आम्ही पाहूं" म्हणाला, तरी तो कागद स्वतः पाहिल्याशिवाय झाड त्याच्या हवालीं करूं नये. तोडणाऱ्याइतकाच तोडविणाराही कायद्याच्या कक्षेंत येतो.

वाळलेल्या अथवा घरादारावर कोसळूं पाहणाऱ्या झाडाचा विचार कायद्यानें केलेला आहे. तरीही आधीं छायाचित्र घ्यावें, कचेरीस लेखी कळवावें, आणि धोका टाळण्यास लागेल तेवढेंच कापावें.

अशा नियमांमुळें शेतकरी झाडेंच लावणार नाहीं, असा आक्षेप ऐकूं येतो. तो अगदींच पोकळ नाहीं. कागदासाठीं चार खेपा घालाव्या लागलेला माणूस पुढच्या वेळीं रोप लावतांना दहादां विचार करतो. यास उपाय म्हणून आपल्या संघानें दोन्ही कायद्यांच्या मराठी प्रती, अनुसूचीची यादी व प्रत्येक गांव कोणाच्या हद्दींत आहे याचा तक्ता कचेरींत टांगून ठेवावा, आणि हद्द बदलली कीं तो बदलावा. एवढ्यानें पुष्कळ खेपा वांचतील.

आमच्या चिंचेची वठलेली बाजू तशीच आहे. दुसऱ्या बाजूस यंदा चांगला मोहोर आला. तिची पुढची छाटणी अर्ज मंजूर झाल्यावरच होईल.