गोणी उघडून पाहिली का?

दौलताबादच्या किल्ल्यावर पाहुण्यांना घेऊन गेलो की चांदमिनार आणि अंधारी ते स्वतःच पाहतात. मी त्यांना मिठाची गोष्ट सांगतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला. फौज युवराजाबरोबर बाहेर गेलेली. रामदेवराव यादव घाईने किल्ल्यात शिरला आणि व्यापाऱ्यांच्या गोण्या धान्याच्या समजून वर नेल्या गेल्या. वेढ्यात त्या उघडल्या, तर आत मीठ निघाले, असे जुने तवारीखकार सांगतात. गोण्या मोजल्या होत्या, उघडल्या नव्हत्या.

बँकेत असताना ही गोष्ट मला एकदा फार बोचली. याच भागातल्या एका गावची बाई, पस्तिशीची, दिराबरोबर आली. नवरा अपघातात गेलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेल्या चार पॉलिस्या तिने टेबलावर ठेवल्या. ‘‘दादानं चार-चार विमे काढून ठेवलेत साहेब, वहिनीला काळजी नाही,’’ दीर म्हणाला. मी बेरीज केली. चारही मिळून एक लाख नव्वद हजार. आकडा सांगण्याआधी पुन्हा केली, चुकली असेल या आशेने. ट्रॅक्टरचे कर्जच त्याहून जास्त होते. ते आमच्याच शाखेचे. मंजुरीवर सही माझी. ट्रॅक्टरचा विमा मी आठवणीने घ्यायला लावला होता. माणसाचा किती आहे, हे विचारले नव्हते.

विमा किती हवा, याला ‘पगाराच्या दहापट’ असे एक ठोकळ उत्तर देतात. मला ते पटत नाही. घरागणिक आकडा बदलतो. वहीचे पान घ्यावे. घरखर्च महिना पंचवीस हजार धरा. त्यातून कर्त्याचा स्वतःचा पाच हजार वजा केला, तर वर्षाला २ लाख ४० हजार लागतात. सहा टक्के व्याजाने तेवढे यायला ४० लाखांची ठेव हवी. कर्जाचे ६ आणि मुलांच्या शिक्षणाचे १० मिळवले की ५६. प्रॉव्हिडंट फंड, ठेवी, जुन्या पॉलिस्या मिळून ६ असतील, तर उरले ५० लाख. महागाईने पुढे मुद्दलाला हात लागेल, पण तोवर मुलेही मिळवती होतील. ती फारच लहान असतील तर आकडा वर सरकवा; कर्ज फिटून मुले हाताशी आली असतील तर खाली. राहते घर आणि दागिने यात धरू नका. ते विकावे लागू नयेत म्हणून तर हा खटाटोप. (घर सांभाळणारी बाई गेली तर तिच्या कामाला माणूस ठेवण्याचा खर्च कोणीच मांडत नाही. तोही मांडावा.)

पन्नास लाख ऐकून माणूस दचकतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे बचतीची पॉलिसी असते. नुसता मुदतीचा विमा, ज्याला टर्म म्हणतात, त्या मानाने खूप स्वस्त पडतो. पण मुदत संपेपर्यंत जगलात तर हाती काही येत नाही, आणि नेमके तेच आपल्याला खुपते. जगलो हा तोटा, असा हा विचित्र हिशेब! बँकेतून मिळणारा पंतप्रधान जीवनज्योती विमा २०१५ मध्ये सुरू झाला. २०२२ पासून हप्ता वर्षाला ४३६ रुपये, रक्कम दोन लाख. जरूर घ्यावा. पण वरच्या घरात ते दोन लाख दहा महिने पुरतील.

आणखी एक. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने बायकामुलांसाठी पॉलिसी घेतली, तर देणेकऱ्यांना तिच्यावर सहसा हात टाकता येत नाही. मात्र पॉलिसी काढतानाच तसे लिहून द्यावे लागते.

त्या बाईने ट्रॅक्टर विकला, मग एकरभर जमीन विकली आणि कर्ज फेडले. हंगामात ती किल्ल्याच्या रस्त्यावर सीताफळे घेऊन बसते. मागच्या वर्षी तिच्या मुलाला रिक्षासाठी कर्ज काढायचे होते. सही करण्याआधी ती त्याला माझ्या घरी घेऊन आली. आम्ही वहीचे पान घेतले. आकडा पस्तीस लाखांवर गेला. मुलगा हसला. ती हसली नाही.